दामोदर धर्मानंद कोसंबी : पगार थांबला, कामं थांबली नाहीत



दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपल्या खोडदला केवढी गर्दी होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्नर-आंबेगावच्याच काय, लांबलांबच्या शाळांची मुलं जीएमआरटीची दुर्बीण बघायला येतात. ४५ मीटर व्यासाच्या त्या जाळीदार तबकड्या! अशा एकूण ३०. त्यातल्या १४ खोडदजवळ मध्यभागी आणि बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. मुलं तोंडाचा आ करून बघत राहतात, आणि आपण शिक्षक पाण्याच्या बाटल्या आणि मुलांची डोकी मोजत राहतो.

यंदा मुलांना घेऊन तिथे उभा होतो, तेव्हा एक जुने सहकारी भेटले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. सर, काय चाललंय, म्हणून विचारलं तर हसले. निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी वहीत कामांची यादी केली होती: गावाचा इतिहास लिहायचा, पेटी शिकायची, मुलांसाठी गणिताची खेळणी करायची, अभंगांचा अभ्यास करायचा, बाग करायची. सगळ्याला हात घातला आणि एकही पूर्ण झालं नाही, असं त्यांनी सांगितलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण आवाज उतरलेला होता.

मीही आता त्याच वाटेवर आहे, म्हणून ते बोलणं मनात राहिलं. घरी आल्यावर ज्यांचं चरित्र परत काढून वाचलं, त्यांची ओळख आज तुम्हाला करून द्यायची आहे. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. खोडदची दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने उभारली. त्याच टाटा संस्थेत कोसंबी सोळा वर्षं गणिताचे प्राध्यापक होते. १९६२ मध्ये त्यांची तिथली नोकरी संपली. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, ही दुर्बीण ज्यांनी पुढे घडवली ते गोविंद स्वरूप परदेशातून येऊन त्या संस्थेत दाखल झाले. एक जण बाहेर पडला आणि दुसरा आत आला. आत आलेल्याचं काम आपल्या शिवारात उभं आहे, सगळ्यांना दिसतं. बाहेर पडलेल्याने पुढच्या चार वर्षांत काय केलं, ते मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

थोडक्यात परिचय

- पूर्ण नाव : दामोदर धर्मानंद कोसंबी
- जन्म : ३१ जुलै १९०७, गोवा
- वडील : बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी
- शिक्षण : हार्वर्ड विद्यापीठ, अमेरिका (पदवी १९२९)
- अध्यापन : बनारस, अलीगढ, फर्ग्युसन महाविद्यालय (पुणे), टाटा मूलभूत संशोधन संस्था (मुंबई)
- अभ्यासाचे विषय : गणित, संख्याशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत साहित्य, प्राचीन इतिहास, पुरातत्त्व, लोकदैवतं
- मृत्यू : २९ जून १९६६, पुणे

घडण

वडील धर्मानंद म्हणजे एक अजब माणूस. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा म्हणून घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरले, पाली शिकले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथ संपादनासाठी बोलावले गेले. १९१८ मध्ये त्यांच्यासोबत अकरा वर्षांचा दामोदरही अमेरिकेला गेला. शाळा तिथलीच. पुढे हार्वर्डमधून उत्तम गुणांनी पदवी मिळवली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन एवढ्या भाषा हाताशी आल्या. संस्कृत आणि पालीचा वारसा तर घरातलाच.

भारतात परतल्यावर आधी बनारस, मग अलीगढ आणि १९३३ पासून पुण्याचं फर्ग्युसन महाविद्यालय. तिथे बारा वर्षं त्यांनी गणित शिकवलं. विद्यार्थ्यांना ते कडक वाटायचे, कारण त्यांना चूक सहन होत नसे आणि बोलणं धारदार असे. १९३४ मध्ये रामानुजन यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार त्यांना मिळाला. १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रासाठी एक सूत्र मांडलं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे काढायला ते आजही वापरतात, आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि कोसंबींना बोलावून घेतलं. संस्था मुंबईत आणि कोसंबींचं घर पुण्यात, भांडारकर रस्त्यावर. त्यांनी पुणं काही सोडलं नाही. डेक्कन क्वीनने जायचं आणि यायचं. गाडीत बसून वाचायचं, लिहायचं.

नाण्यांपासून सुरुवात

गणिताचा प्राध्यापक इतिहासात कसा शिरला? दार उघडलं ते नाण्यांनी.

आपल्याकडची सगळ्यात जुनी नाणी म्हणजे चांदीचे छोटे तुकडे, त्यांवर ठशांनी उमटवलेल्या खुणा. त्यांना आहत नाणी म्हणतात. त्यांवर ना राजाचं नाव, ना साल. मग कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ओळखायचं कसं? कोसंबींनी साधा विचार केला. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. रोज फिरणाऱ्या नाण्याचं वजन हळूहळू कमी होत जाणार. एका नाण्यावरून काही कळणार नाही, पण शेकडो नाणी तोलली तर सरासरी बोलायला लागेल.

मग त्यांनी तराजू घेतला आणि हजारो नाणी तोलली. आधी पद्धत बरोबर आहे का ते बघायला आपल्या रोजच्या व्यवहारातली, साल छापलेली नाणी तोलली आणि मग तक्षशिलेच्या जुन्या साठ्यांकडे वळले. जुन्या नाण्यांच्या पाठीमागे बारीक बारीक खुणा असतात, व्यापाऱ्यांनी नाणं तपासल्यावर मारलेल्या. पाठीमागे खुणा जितक्या जास्त, वजन तितकं कमी, असं दिसून आलं. म्हणजे जास्त फिरलेलं नाणं जास्त झिजलेलं. अंदाज खरा ठरला!

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात यावी. गणित सोडून ते इतिहासाकडे गेले नाहीत, गणिताचाच हात धरून गेले. पण नाणी कुठल्या राजांची, हे कळायला पुराणं आणि बौद्ध ग्रंथ वाचायला हवे होते. त्यासाठी संस्कृत पक्कं करायला घेतलं आणि हातात आला भर्तृहरी. त्याच्या शतकांची शेकडो हस्तलिखितं पडताळून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. पुढे वि. वि. गोखले यांच्यासह विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' संपादित केला, तो १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत आला. त्याआधी १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं त्यांचं मोठं पुस्तक निघालं. राजांच्या याद्या बाजूला ठेवून शेती, अवजारं, व्यापार आणि कष्टकरी माणसं यांच्यातून इतिहास कसा बघायचा, हे त्या पुस्तकाने दाखवलं. इतिहासाचे विद्यार्थी ते आजही वाचतात.

घसरण

आता जरा अवघड भाग. चरित्र सांगताना आपण शिक्षक बरेचदा हा भाग गाळतो. मला तसं करायचं नाही, कारण खरं शिकण्यासारखं इथेच आहे.

मूळ संख्या आपण पाचवी-सहावीत शिकवतो. २, ३, ५, ७, ११ अशा. या संख्या मधेच दाट येतात, मधेच विरळ होतात. त्यांच्या या वागण्यामागचा नियम काय, याविषयी रीमान नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८५९ मध्ये एक अंदाज मांडला. तो खरा की खोटा, हे आजपर्यंत कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. गणितातल्या सगळ्यात अवघड कोड्यांपैकी ते एक आहे.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींनी त्यावर एक लेख छापला. संभाव्यतेच्या वाटेने गेलं तर हे कोडं सुटतं, असा त्यांचा दावा होता. लेख छापला तो शेतीच्या संख्याशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात. मूळ संख्यांचे जाणकार जिथे तो आधी तपासतील, अडवतील, प्रश्न विचारतील, अशी ती जागा नव्हती. जाणकारांनी वाचला तेव्हा सिद्धता टिकली नाही. गणितज्ञ म्हणून त्यांचं जे नाव होतं, त्याला जबर धक्का बसला.

दुसरीकडे भाभांशी असलेलं नातंही बिघडत गेलं होतं. भाभा म्हणजे देशाच्या अणुशक्ती कार्यक्रमाचे प्रमुख. आणि कोसंबी जाहीरपणे सांगत होते की भारतासारख्या ऊन भरपूर असलेल्या गरीब देशाने अणुशक्तीवर पैसा ओतण्यापेक्षा सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा. शांतता चळवळीतही ते उघडपणे काम करत होते. त्यात स्वभाव न झुकणारा. सगळं एकत्र आलं आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

वय पंचावन्नच्या उंबरठ्यावर. पगार बंद. ज्या विषयात आयुष्य घालवलं, त्यात हसं झालेलं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

१९६२ ते १९६६ : एका घरात चार कामं

कोसंबींनी काय केलं, ते सालवार बघा.

१९६२ : मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने त्यांचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक काढलं. लोकदैवतं, देवींची ठाणी, वारीचे मार्ग, भगवद्गीता अशा विषयांवरचे हे निबंध. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या महापाषाणांवर आणि दख्खनच्या पठारावर सापडलेल्या छिद्रं असलेल्या दगडी सूक्ष्मास्त्रांवर त्यांची टिपणं इंग्लंडमधल्या मानवशास्त्राच्या नियतकालिकात आली.

१९६३ : मूळ संख्यांवरचा लेख अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात. भारतातल्या लोहयुगाच्या सुरुवातीवर एक लेख. आणि प्राचीन भारताच्या अभ्यासात निरनिराळ्या पद्धती एकत्र कशा वापराव्यात, यावर एक महत्त्वाचा निबंध.

१९६४ : महाभारतातल्या मूळच्या, म्हणजे आर्य येण्याआधीच्या लोकांच्या अंशावर लेख. याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं. काम पुण्यातच, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी जोडून.

१९६५ : प्राचीन भारताची संस्कृती आणि सभ्यता यावरचं त्यांचं पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालं. सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत लिहिलेलं.

१९६६ : फेब्रुवारीत नाण्यांच्या शास्त्रावरचा लेख 'सायंटिफिक अमेरिकन' या जगभर वाचल्या जाणाऱ्या मासिकात. भारतातल्या जिवंत प्रागितिहासावरचा दुसरा लेख त्याच मासिकात आला, पण तो १९६७ मध्ये. तोपर्यंत कोसंबी गेले होते.

गणित, नाणी, दगडी हत्यारं, देवदेवता, महाभारत. बघताना वाटतं की हा माणूस पाच दिशांना धावतोय. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण एकदा जुन्नरच्या डोंगराकडे बघितलं की गाठ उकलते.

जुन्नरच्या डोंगरात एकच प्रश्न

खोडदहून नारायणगाव आणि तिथून जुन्नर. आपल्या रोजच्या पायाखालची वाट. जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशा डोंगरांत लेणीच लेणी आहेत. कोसंबी या भागात आले, लेणी बघितली, नाणेघाट बघितला. सहलीला गेल्यावर आपण मुलांना सांगतो की बौद्ध भिक्षू ध्यानासाठी इथे राहत. खरंच आहे ते. कोसंबींनी पुढचा प्रश्न विचारला : मग भिक्षूंनी अशीच जागा का निवडली? आणि एवढा खर्च केला कुणी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाटेत आहे. कोकणातल्या बंदरांतून माल घाटावर यायचा तो नाणेघाटाने, आणि घाट चढून आल्यावरचं मोठं ठाणं म्हणजे जुन्नर. नाणेघाटात दगडात कोरलेला रांजण आहे, सातवाहनांचा शिलालेख आहे. लेणी आहेत ती या व्यापाराच्या वाटेला धरून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भिंतींवर कोरलेलं आहे. जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींची, म्हणजे संघटनांची नावं येतात. दान दिलेले यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे लोकही आहेत. लेणी एका राजाने नव्हे, कामकरी आणि व्यापारी माणसांनी घडवली. विहार आणि व्यापार एकमेकांच्या आधाराने वाढले, असं कोसंबींनी मांडलं.

आणि मानमोडी? त्या डोंगराचं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात जवळपास याच रूपात सापडतं. लेणी कोरली गेली, भिक्षू आले, गेले, राज्यं बदलली, पण देवीचं नाव आणि डोंगराचं नाव लोकांच्या तोंडी टिकून राहिलं. पोथीत जे टिकत नाही ते बाईमाणसांच्या नवसात आणि धनगराच्या वाटेत टिकतं, हे कोसंबींना असं ठिकठिकाणी दिसत गेलं.

पुण्यातल्या घरामागच्या टेकडीवरही तेच. टेकडीवर चालताना त्यांना बोटाच्या पेराएवढी दगडी पाती सापडली, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी घडवलेली. मग ते चालतच राहिले. हातात दणकट काठी, दगड उकरायला टोकाला लोखंड. कार्ले, देहू, थेऊर. सूक्ष्मास्त्रं कुठे सापडतात, शेंदूर लावलेले तांदळे कुठे आहेत, म्हसोबा कुठे आणि वेताळ कुठे, हे बघत. त्यांच्या ध्यानात आलं की जुनी हत्यारं, जुनी देवस्थानं आणि माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटा एकमेकींना धरून आहेत. पावसाळ्याप्रमाणे कळप घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या वाटा आधीच्या, देव त्या वाटांवर बसले, आणि त्यातल्याच काही वाटांवरून आज पालख्या जातात.

म्हणजे बघा. नाणं तोलताना प्रश्न होता की ते कुणाच्या हातून फिरलं. शिलालेख वाचताना प्रश्न होता की दान कुणी दिलं. टेकडीवरचा दगड उचलताना प्रश्न होता की हे पातं कुणी वापरलं. महाभारत वाचताना प्रश्न होता की या कथेत आधीपासून इथे राहणारी माणसं कुठे दिसतात. कामं चार, पण प्रश्न एकच : ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, ती साधी माणसं जगत कशी होती? म्हणून एका कामाचा वेळ दुसऱ्याला पुरत गेला. नाण्याचं काम संस्कृतला उपयोगी पडलं, संस्कृतचं देवीला, आणि देवीचं इतिहासाला.

आणि जे जमलं नाही ते

मूळ संख्यांचं काम मात्र या गाठीत नव्हतं. ते त्यांनी सोडलंही नाही. त्यावरचे काही लेख त्यांनी एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापले. संख्याशास्त्राच्या वाटेने मूळ संख्यांकडे बघण्याची कल्पना टाकाऊ नव्हती, पण मोठा दावा शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही. मूळ संख्यांवर ते पुस्तक लिहीत होते. ते कधीच वाचकांसमोर आलं नाही.

याकडे मी असं बघतो. इतिहासाच्या कामात त्यांच्या सोबतीला माणसं होती. भर्तृहरीच्या पाठांसाठी संस्कृतचे पंडित होते, सुभाषितरत्नकोशासाठी गोखले होते, डोंगरावर गेलं की धनगर होते, देवळातल्या बाया होत्या. चुकलं तर टोकणारं कुणीतरी होतं, आणि टोकायला माणूस नसला तरी तराजू होता. मूळ संख्यांच्या बाबतीत ते एकटे पडले, आणि टोकणाऱ्यांचं ऐकायची तयारीही कमी पडली. एवढा बुद्धिमान माणूस, पण एकटेपणाने त्यालाही चकवलं.

२९ जून १९६६ च्या पहाटे पुण्यातल्या राहत्या घरी, झोपेतच ते गेले. वय ५८ वर्षं. आपल्याकडे शिक्षक निवृत्त होतात ते याच वयाला. ज्या वयात आपण निरोपसमारंभाचा नारळ घेतो, त्या वयात त्यांचं आयुष्य संपलं, आणि तेही चार कामं अर्धी हातात असताना. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना मरणोत्तर पुरस्कार दिला. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. त्यांची मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्राच्या नामवंत अभ्यासक झाल्या.

आपण काय घ्यायचं?

खोडदला भेटलेल्या त्या सरांना मी फोन केला आणि ही सगळी गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघांनी त्यांची यादी पुन्हा समोर ठेवली. तुम्हालाही उपयोग होईल म्हणून त्यातून निघालेल्या चार गोष्टी लिहितो.

१. आधी यादी नको, प्रश्न हवा. गावाचा इतिहास आणि अभंग ही सरांची दोन कामं खरं तर एकच निघाली : आपल्या गावात पूर्वी कोण काय गात होतं? तो प्रश्न धरला तर पेटीही त्यातच बसते.

२. घराजवळून सुरुवात करा. कोसंबींना घरामागच्या टेकडीवर हजारो वर्षांचा इतिहास सापडला. आपल्या दाराशी तर अख्खं जुन्नर आहे.

३. प्रत्येक कामाला टोकणारा माणूस शोधा. तो आपल्याहून लहान असला तरी चालेल. निवृत्तीनंतर साहेब जातात, तपासणी जाते, आणि सगळे नुसते वा वा म्हणायला लागतात. धोका तिथेच आहे.

४. पूर्ण झालेला लहान तुकडा बाहेर काढा. कोसंबींनी मोठ्या पुस्तकाची वाट बघत सगळं दाबून ठेवलं नाही. दोन-चार पानांचं टिपणसुद्धा छापलं. म्हणून ते अचानक गेले तरी काम आपल्यापर्यंत पोचलं. जे पुस्तक होईपर्यंत राखून ठेवलं, तेच नेमकं मागे राहिलं.

बागेचं काय, असं सरांनी विचारलं. बाग बागेसाठी राहू द्या, असं ठरलं. सगळंच काम कशाला असायला हवं?

वर्गात करून बघा

*नाण्यांचा प्रयोग (इयत्ता ६ वी ते ८ वी) :* एकाच किमतीची, एकाच घडणीची, पण वेगवेगळ्या सालांची नाणी मुलांना आणायला सांगा. घडण वेगळी असेल तर मुळातलं वजनच वेगळं असतं, तेव्हा हे आधी तपासा. जुन्या सालांची दहा आणि नव्या सालांची दहा नाणी प्रयोगशाळेतल्या बारीक काट्यावर तोला. फरक दिसतो का? नाही दिसला तर आणखी किती नाणी लागतील, यावर मुलांना बोलू द्या.

*मूळ संख्या (इयत्ता ५ वी, ६ वी) :* १ ते २०० संख्या लिहून मूळ संख्यांना गोल करा आणि दर पन्नासात किती आल्या ते मोजा. १५, १०, १०, ११ असं उत्तर येईल. आधी कमी झाल्या, मग शेवटी एकने वाढल्या, असं का? याचं सोपं उत्तर देऊ नका. याच कोड्यापाशी मोठमोठी माणसं थबकली आहेत, एवढंच सांगा.

*गावचे देव (सर्व इयत्ता) :* गावात शेंदूर लावलेले, मूर्ती नसलेले देव कुठे कुठे आहेत, त्यांची नावं काय, जवळून जुनी वाट जाते का, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून वहीत लिहावं. देवाच्या जागेवरचा दगड हलवायचा नाही, कुणाच्या श्रद्धेची चेष्टा करायची नाही, हे आधी बजावून सांगा.

*लेण्याद्रीची सहल :* पायऱ्या मोजून झाल्या की मुलांना विचारा : हा डोंगर कोरायचा खर्च कुणी केला असेल? राजा, राजा असं सगळे ओरडतील. मग कासारांची आणि बांबूवाल्यांची गोष्ट सांगा.

पालकहो, तुमच्या घरी जर कुणी आजोबा किंवा आजी निवृत्तीनंतर चार-चार उद्योग करत असतील, तर त्यांना आता आराम करा असं एकदम म्हणू नका. जवळ बसा आणि नक्की काय शोधताय, ते विचारा. कदाचित त्यांनाही ते पहिल्यांदाच शब्दांत सांगावं लागेल.

आणि पुढच्या २८ फेब्रुवारीला खोडदला आलात, की दुर्बीण बघून झाल्यावर मुलांना पश्चिमेकडचे जुन्नरचे डोंगर दाखवा. एक विद्वान गणिताचा तराजू घेऊन त्या डोंगरातल्या साध्या माणसांचा शोध घ्यायला आला होता, हेही त्यांना सांगा.